वनविहारांतली ध्वनिमुद्रित धम्मप्रवचनं ऐकताना आणि पुढे पाठवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थाई वनपरंपरेतल्या भिक्खूंची प्रवचनं आता फोनवर सहज मिळतात. एखादं मनाला भिडलं की ते कुणाला तरी पाठवावंसं वाटतं, आणि तिथूनच प्रश्न सुरू होतात. परवानगी लागते का, थोडा भाग कापून टाकला तर चालेल का, मराठीत आणायचं तर कसं? आमच्या धम्मश्रवणाच्या गटात हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. या सगळ्यांमागे आमचं म्हणणं एकच आहे : ही प्रवचनं मोफत आहेत, पण बेवारस नाहीत.

वनविहार म्हणजे नक्की कोणते विहार?

थायलंडच्या ईशान्य भागाला इसान म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आजान साओ आणि त्यांचे शिष्य आजान मुन (१८७०–१९४९) यांनी गावापासून दूर रानात राहून, विनय म्हणजे भिक्खूंचे आचारनियम काटेकोर पाळत ध्यान करण्याची रीत पुन्हा उभी केली. ‘आजान’ म्हणजे आचार्य. आजान मुन यांच्या भेटीने ज्यांची दिशा ठरली त्यांत आजान चा (१९१८–१९९२) होते. १९५४ मध्ये उबोन राचथानी प्रांतात, आपल्या जन्मगावाजवळच्या रानात ते राहायला आले आणि तिथे वत नोंग पा पोंग हा विहार उभा राहिला. परदेशी शिष्यांसाठी १९७५ मध्ये जवळच वत पा नानाचात सुरू झाला. १९७७ मध्ये आजान चा आपले अमेरिकन शिष्य आजान सुमेधो यांना घेऊन लंडनला गेले. त्यातून पुढे इंग्लंडमध्ये चिथर्स्ट आणि अमरावती हे विहार झाले, आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात अभयगिरी. ही अमरावती विदर्भातली नव्हे, लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशर परगण्यातली.

कॅलिफोर्नियातच सॅन दिएगोजवळ मेत्ता वनविहार आहे. तोही आजान मुन यांच्याच परंपरेतला, पण आजान चा यांच्या शाखेचा नाही. तिथले ठाणिस्सरो भिक्खू यांची छोटी छोटी प्रवचनं ‘धम्मटॉक्स डॉट ऑर्ग’वर मिळतात.

ही प्रवचनं ध्वनिमुद्रित करायला सुरुवात कशी झाली?

आजान चा यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. ते बोलत. समोर गावकरी असतील तर इसानच्या लाओ बोलीत, नाहीतर थाईत, आणि आधी काहीही लिहून न आणता. शिष्यांनी त्यातलं काही कॅसेटवर उतरवून घेतलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची प्रकृती ढासळली. मेंदूच्या आजाराने ते अंथरुणाला खिळले, वाचा गेली, आणि शेवटची दहाएक वर्षं शिष्यांनी पाळीपाळीने त्यांची शुश्रूषा केली. १६ जानेवारी १९९२ ला ते गेले. म्हणजे गुरू हयात असतानाही इतकी वर्षं त्यांचा बोलता आवाज फक्त फितीवर उरला होता. या मुद्रणांना त्यांच्या शिष्यवर्गात एवढं मोल का आहे, ते यावरून कळेल. आज इंग्रजीत वाचायला मिळणारी त्यांची बहुतेक प्रवचनं अशाच फिती ऐकून, उतरवून, भाषांतर करून आलेली आहेत.

पुढच्या पिढीच्या आचार्यांची प्रवचनं तर ठरवूनच मुद्रित होतात. ऐकताना सुरुवातीची मिनिटं ओलांडून पुढे जाऊ नका. बऱ्याच मुद्रणांत आधी ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’ हे बुद्धवंदन तीनदा येतं. आपल्या विहारात रोज म्हणतो तेच, फक्त चाल वेगळी. मग थोडी शांतता, कुणाचं खोकणं, चटईची सळसळ, कधी छपरावर सुरू झालेला पाऊस, आणि त्या पावसापायी आवाज चढवणारे भन्ते. स्टुडिओत केलेलं काही नाही. माणसं मांडी घालून समोर बसली आहेत आणि एक भिक्खू त्यांच्याशी बोलतो आहे.

हे सगळं मोफत का? यामागे संस्थेचा काही हेतू आहे का?

हेतू जुना आहे. सुत्तनिपात या पाली ग्रंथातला शेती करणारा ब्राह्मण कसिभारद्वाज आठवा. पेरणीच्या दिवसांत बुद्ध त्याच्या शेतावर भिक्षेला जातात. तो म्हणतो, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो. तुम्हीही तसंच करा. श्रद्धा हे माझं बी आणि प्रज्ञा हे माझं जू व नांगर, असं बुद्ध गाथांमधून सांगतात. ते ऐकून ब्राह्मण प्रसन्न होतो आणि खीर पुढे करतो. बुद्ध ती घेत नाहीत. गाथा म्हणून मिळालेलं अन्न मी खात नाही, असं स्पष्ट सांगतात. धम्म सांगण्याचा मोबदला घ्यायचा नाही, हा दंडक इतका जुना आहे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात उपदेश करणाऱ्याने पाळायच्या पाच गोष्टी आहेत, त्यांतही लाभाची अपेक्षा न ठेवता बोलावं ही एक आहेच.

शिवाय विनयानुसार भिक्खूला पैसे घेता येत नाहीत, आणि वनविहारांत हा नियम अक्षरशः पाळला जातो. तिथे सकाळचं जेवणही कुणीतरी दिलं तरच मिळतं. त्यामुळे प्रवचनाला तिकीट लावण्याचा प्रश्नच येत नाही. सर्व्हर, माइक, छपाई हा खर्च उपासकांच्या दानातून, उपासकांनी चालवलेल्या न्यासांमार्फत होतो. ‘सब्बदानं धम्मदानं जिनाति’ (धम्माचं दान सगळ्या दानांहून श्रेष्ठ) हे धम्मपदातलं वचन आपल्याकडेही सगळ्यांना पाठ असतं. इथे ते रोजच्या व्यवहारात दिसतं.

मोफत आहे, मग व्हॉट्सअॅपवर पाठवायला कसली अडचण?

अडचण नाही, जरूर पाठवा. फक्त शक्यतो विहाराच्या मूळ पानाची लिंक पाठवा. ज्यांच्याकडे नेट धड चालत नाही त्यांना फाइल द्या. बोलण्याच्या मुद्रणाला ६४ केबीपीएस एवढी ध्वनीची प्रत पुरेशी असते आणि तासाभराचं प्रवचन तीसेक एमबीत बसतं. फाइल ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर तिचं नाव टिकतं.

आणि नावाकडे खरंच लक्ष द्या. ‘ऑडिओ-००१७’ अशी फाइल चार गटांतून फिरली की कोण बोलतंय, कधी, कुठे, काहीच कळत नाही. महिनाभरात कुणीतरी तिला ‘बुद्धांची वाणी’ असं नाव देतं. सुत्तांची, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांची, सुरुवात आठवून पाहा : ‘एवं मे सुतं’ (असं मी ऐकलं), मग ‘एकं समयं’ (एके वेळी), मग सावत्थी, जेतवन, अनाथपिण्डिकाचा आराम. आधी कुणाकडून ऐकलं, मग केव्हा, मग कुठे. कागद नव्हता तेव्हाही आपल्या पूर्वसूरींनी एवढं जपलं. आपण फाइलच्या नावात आचार्यांचं नाव, विहार, तारीख आणि विषय एवढं लिहिलं तरी पुरे.

छान तीस सेकंदांचा तुकडा काढून रील केली तर?

याला आमचा विरोध आहे, आणि कारण नीट सांगायला हवं.

आजान चा यांच्यावर शिष्य एकदा आक्षेप घेतात : तुम्ही एकाला एक सांगता आणि दुसऱ्याला त्याच्या उलट. त्यावर त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. वाटेवरून जाणारा कुणी डावीकडच्या खड्ड्याकडे निघाला असेल तर मी म्हणतो, उजवीकडे हो. दुसरा उजवीकडे कलला असेल तर म्हणतो, डावीकडे. आता ‘उजवीकडे हो’ एवढाच तुकडा कापून तो पाचशे लोकांना पाठवला, तर आधीच उजव्या खड्ड्याच्या काठावर असलेल्यांचं काय होईल?

वनपरंपरेतलं बोलणं असंच समोरच्या माणसांकडे पाहून केलेलं असतं. ‘सोडून द्या’ हे वाक्य तिथे वारंवार येतं. ज्याने वर्षानुवर्षं शील पाळलं आहे, पहाटे उठून ध्यान केलं आहे, आणि आता ध्यानातल्या प्रगतीचाच हव्यास धरला आहे, अशा भिक्खूला ते सांगितलेलं असू शकतं. मागे संथ बासरी लावून तेच वाक्य रीलमध्ये आलं की ज्याने काही धरलेलंच नाही तोही ‘सोडून’ मोकळा होतो. ज्याचा अर्थ अजून उलगडायचा आहे, ते उलगडलेलंच आहे असं सांगणं म्हणजे तथागतांवर खोटा आळ घेणं, असं अंगुत्तर निकायात म्हटलं आहे. आचार्यांच्या बोलण्यालाही हा न्याय लावायला हरकत नाही.

तुकडाच पाठवायचा असेल तर एक पूर्ण मुद्दा घ्या, प्रश्न आणि उत्तर दोन्ही ठेवा, आणि खाली पूर्ण प्रवचनाची लिंक द्या. पार्श्वसंगीत नको. काही विहार स्वतःच छोटे भाग निवडून प्रसिद्ध करतात. ते निःशंक पाठवा.

कायद्याने काय आहे?

थोडक्यात सांगतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्कदार ते भाषण करणारा असतो. त्याच कायद्यात ‘कलावंता’च्या व्याख्येत नट, गायक, गारुडी यांच्या जोडीने व्याख्यान देणाऱ्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे भन्तेंचं बोलणं आणि त्याचं मुद्रण या दोन्हींना संरक्षण आहे. विहार आपण होऊन सवलत देतात ती परवान्यातून, आणि तो परवाना वाचायचा असतो. अमरावती आणि तिच्याशी जोडलेल्या विहारांच्या पुष्कळ प्रकाशनांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा जो परवाना असतो त्याचा अर्थ असा : नाव द्या, व्यापार करू नका, बदल करू नका. बदलात भाषांतरही येतं. धम्मटॉक्स डॉट ऑर्गचा परवाना बदलाला आडकाठी करत नाही, पण विक्रीला करतो.

दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला स्टॉल लावून, खर्चापुरतेच पैसे घेऊन पेनड्राइव्ह किंवा पुस्तिका दिली तर? नफा कमवायचा नाही.

हेतू चांगला आहे आणि त्या दिवसांत होणारी पुस्तकांची खरेदी हा आपल्या समाजाचा अभिमानाचा विषय आहे. तरीही, नाही. धम्मटॉक्सच्या परवान्यात ‘व्यापारी’ याचा अर्थ कोणतीही विक्री असा दिला आहे, मग ती नफ्यासाठी असो वा नसो. वीस रुपये घेतले तरी ती विक्रीच. इतर विहारांच्या पुस्तकांवरही ‘मोफत वाटपासाठी’ असंच छापलेलं असतं.

मार्ग आहे. चार-पाच कुटुंबांनी मिळून छपाईचा खर्च उचलावा आणि प्रती फुकट वाटाव्यात. थायलंडमध्ये अंत्यविधीला किंवा वाढदिवसाला अशी पुस्तकं छापून वाटायची पद्धतच आहे. आपल्याकडे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात हे सहज बसेल.

मराठीत भाषांतर करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

पत्राने. ज्या विहाराचं प्रवचन आहे त्यांना साध्या इंग्रजीत लिहा : कोणतं प्रवचन, कुणासाठी, कोणत्या रूपात, आणि मोफत देणार हे नक्की. उत्तराला वेळ लागतो. वर्षावासात (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या मुक्कामात) किंवा हिवाळ्याच्या दीर्घ एकांतवासात ही मंडळी पत्रव्यवहारापासून लांब असतात. वाट पाहा.

भाषांतर करताना इंग्रजीच्या मागे असलेला पाली शब्द शोधा. तो मराठी वाचकाला जवळचा असतो, पण कधी फसवतोही. मराठीत ‘वेदना’ म्हणजे दुखणं. पालीत सुखद अनुभवही वेदनाच. ‘संस्कार’ आणि ‘विज्ञान’ यांचीही तीच गत. अशा ठिकाणी पाली शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत उलगडावा. धर्मानंद कोसंबींनी शंभर वर्षांपूर्वी पालीतलं मराठीत आणताना जी सोपी, न सजवलेली भाषा वापरली ती समोर ठेवा.

आजान चा यांचं प्रवचन असेल तर ते लाओ किंवा थाईतून इंग्रजीत आणि तिथून तुमच्याकडे आलेलं असतं. हे पहिल्या पानावर लिहा. इंग्रजी भाषांतरकाराचं नावही लिहा.

एआय वापरून भन्तेंच्याच आवाजात मराठी डबिंग करता येतं. किती जणांपर्यंत पोचेल!

पोचेल, पण काय पोचेल? जे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही ते त्यांच्या गळ्यातून ऐकू येईल. खोटं बोलू नये हे शील ज्या माणसाने आयुष्यभर जपलं, त्याच्या तोंडी आपण शब्द घालणार. लेखी परवानगी नसेल तर हे अजिबात करू नका, आणि परवानगीसाठी आग्रहही धरू नका.

प्रवचन उतरवून घेण्यासाठी, कच्च्या मसुद्यासाठी यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही. नंतर मात्र माणसाने मूळ मुद्रण कानाला लावून ओळ न ओळ तपासायची. ‘संखार’चा (पालीतल्या ‘संस्कार’चा) ‘संसार’ झाला तर वाक्य वाचायला गोड लागतं आणि अर्थ पार बदलतो. मराठी आवाज द्यायचाच असेल तर गटातल्या कुणाचा तरी खरा आवाज द्या आणि वाचणाऱ्याचं नाव सुरुवातीला सांगा.

आमच्या यूट्यूब चॅनलवर पुन्हा अपलोड करू का?

नको. मूळ चॅनलवर आहे ना, प्लेलिस्ट करा. पुन्हा टाकलं की जाहिराती शिरतात. तुम्ही कमाई सुरू केली नसली तरी यूट्यूब स्वतःच्या जाहिराती दाखवू शकतं. अनित्यतेवरचं बोलणं मध्येच तोडून ऑनलाइन रमीची जाहिरात लागावी, हे कुणालाच नको असतं.

सगळ्या वनविहारांचे नियम सारखेच का?

नाहीत. प्रत्येक विहार आपापला निर्णय घेतो. शिवाय ही एकच संघटनाही नाही. पर्थजवळचा बोधिञाण विहार आणि तिथले आजान ब्रह्म यांची प्रवचनं खूप ऐकली जातात. पण ऑक्टोबर २००९ मध्ये तिथे भिक्खुणींची उपसंपदा (पूर्ण दीक्षा) झाली आणि त्यानंतर वत नोंग पा पोंगच्या संघाने बोधिञाणला आपल्या शाखांतून वगळलं. त्यामुळे एका विहाराची परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही. आमचं मत विचाराल तर भिक्खुणींची आणि अमरावती-परंपरेतल्या सीलधर साधकस्त्रियांचीही प्रवचनं मुद्दाम शोधून ऐका. आजान सुंदरा आणि आजान चंदसिरी या चिथर्स्टच्या पहिल्या चार साधकस्त्रियांपैकी. आपल्या विहारांत समोर बसणाऱ्यांत स्त्रियाच जास्त असतात. त्यांना हे आवाज ऐकायला मिळायला हवेत.

विपश्यना शिबिरातली गोयंका गुरुजींची प्रवचनंही अशीच पाठवता येतात का?

ती परंपरा वेगळी आहे. ती ब्रह्मदेशातून, गृहस्थ आचार्यांच्या मार्फत आली. इगतपुरीच्या धम्मगिरीपासून सगळ्या केंद्रांवर शिबिराच्या सूचना आणि संध्याकाळची प्रवचनं मुद्रणावरूनच ऐकवली जातात, आणि ती दहा दिवसांच्या साधनेच्या क्रमात बसवलेली आहेत. शिबिरात ध्वनिमुद्रण करायला मनाई असते. तिथे सही करून जे मान्य केलं ते पाळावं. जे त्यांनी स्वतः जाहीरपणे उपलब्ध केलं आहे, तेवढंच पाठवावं.

वर्षावासात आमच्या विहारात सगळ्यांना एकत्र ऐकवलं तर?

जरूर. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं. ते तसंच चालू ठेवा. आठवड्यातून एखादा दिवस वाचन संपल्यावर अर्धा तास प्रवचन ठेवा.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. बाबासाहेबांनी चार आर्यसत्यं, कर्म आणि पुनर्जन्म यांबद्दल जे प्रश्न उभे केले ते त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच आहेत. वनपरंपरेतले आचार्य मात्र या गोष्टींवर थेरवाद या जुन्या बौद्ध पंथाच्या पारंपरिक समजुतीने बोलतात. ऐकणारा हमखास विचारणार : बाबासाहेब असं म्हणतात, हे भन्ते तसं का? अशा वेळी प्रवचनातला तो भाग कापून टाकण्याचा मोह होतो. तसं करू नका. दोन्ही म्हणणी समोर ठेवा आणि चर्चा होऊ द्या. चौदा ऑक्टोबरला डोळे उघडे ठेवून धम्म स्वीकारलेल्या समाजाला मतभेद ऐकवायला घाबरण्याचं कारण नाही. आम्हाला तर अशा चर्चांतूनच सगळ्यात जास्त मिळालं आहे.

गाडी चालवताना, स्वयंपाक करताना, आडवं पडून ऐकलं तर अनादर होतो का?

विनयातल्या ७५ सेखिय (शिष्टाचाराच्या) नियमांपैकी १६ नियम धम्म सांगण्याबद्दल आहेत. आजारी नसलेला माणूस छत्री, काठी किंवा शस्त्र घेऊन असेल, वाहनात असेल, आडवा पडला असेल, तर त्याला धम्म सांगू नये, असं त्यांत आहे. हे नियम भिक्खूसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत. पण त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे : अर्धं लक्ष असलेल्याला सांगून उपयोग नाही. पोळ्या लाटताना ऐकलेलंही कामी येतं. मात्र तेच प्रवचन आठवड्यातून एकदा बसून, फोन बाजूला ठेवून पुन्हा ऐका. आजारी माणसाला तर नियमातच सूट आहे. दवाखान्यात उशाशी लावून ठेवायला काहीच हरकत नाही.

मी स्वतः एखाद्या वनविहारात जाणार आहे. मुद्रण करू का?

आधी तिथल्या भिक्खूंना विचारा. नाही म्हटलं तर फोन पिशवीत. प्रश्नोत्तरांत लोक घरातलं, मनातलं बोलतात. ते त्यांच्या परवानगीवाचून बाहेर जाता कामा नये.

विहाराने एखादं मुद्रण आपल्या पानावरून काढलं, पण आमच्याकडे प्रत आहे. ठेवू?

स्वतः ऐकायला ठेवा, पुढे पाठवणं थांबवा. काढण्यामागे कारण असतं आणि ते तुम्हाला कळवण्याचं बंधन त्यांच्यावर नाही.

आई-बाबांना इंग्रजी येत नाही. त्यांना कसं ऐकवू?

शेजारी बसून. आधी तुम्ही एकदा पूर्ण ऐका. मग त्यांच्यासोबत लावा, पाच-सहा मिनिटांनी थांबवा आणि आपल्या घरातल्या मराठीत सांगा. सुरुवातीचं ‘नमो तस्स’ थांबवू नका, ते तेही म्हणतील. एखादी गोष्ट तुम्हाला कळली नसेल तर तसंच सांगा आणि लिहून ठेवा. एका बैठकीत अर्धंच झालं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी. तुम्ही सांगितलेलं मराठी मुद्रित करून गटात टाकायचं असेल, तर ‘हे भन्तेंचं भाषांतर नाही, मी आईला सांगितलेला सारांश आहे’ एवढं सुरुवातीला बोला आणि मूळ प्रवचनाची लिंक जोडा.